वेगाआधी दोन नावं लिहा: सापेक्ष गतीची उदाहरणं सोडवण्याची रीत

अकरावीला सापेक्ष गती आली की नदी, होडी, पाऊस, छत्री, आगगाडी असा सगळा ओळखीचा संसार पुढ्यात येतो. तरीही हक्काचे गुण याच धड्यात जातात. सूत्र चुकत नाही, कारण सूत्र एकच आहे आणि ते वजाबाकीचं आहे. चूक त्याच्याही आधी होते. विद्यार्थी वहीत ‘वेग = ५ मी/से’ लिहितो आणि पुढे जातो. हा वेग होडीचा, हे त्याच्या मनात असतं. पण कशाच्या सापेक्ष? पाण्याच्या की काठाच्या? ते कुठेच लिहिलेलं नसतं, आणि चार ओळींनंतर पाण्याच्या सापेक्ष असलेला आकडा काठाच्या सापेक्ष असलेल्या आकड्यात मिसळून जातो.

म्हणून पहिली सवय ही लावा: प्रत्येक वेगाला दोन नावं द्यायची. वेग(होडी, पाणी) म्हणजे होडीचा वेग, पाण्याच्या सापेक्ष. पहिलं नाव कोण हलतंय त्याचं, दुसरं कुठे बसून मोजतोय त्याचं. ‘कुठे बसून’ म्हणजेच संदर्भ चौकट: त्या वस्तूला पक्के ठोकलेले अक्ष आणि सोबत एक घड्याळ. तिथे खरोखर कुणी माणूस बसलेला असायची गरज नाही.

दोन नावं लिहिली की बेरीज अंताक्षरीसारखी चालते:

वेग(होडी, काठ) = वेग(होडी, पाणी) + वेग(पाणी, काठ)

पहिल्या पदाचं शेवटचं नाव तेच दुसऱ्या पदाचं पहिलं नाव. मधलं ‘पाणी’ गळतं, टोकाची दोन नावं उरतात. अंताक्षरी जुळत नसेल तर एखाद्या पदातली नावं उलटी करा आणि चिन्ह बदला, कारण वेग(अ, ब) = − वेग(ब, अ). इथे अधिक करायचं की वजा, हा प्रश्न पाठांतराने सोडवायचाच नाही. नावं जुळवली की चिन्ह आपोआप येतं.

प्रश्नाची भाषा या नावांत उतरवणं हे निम्मं काम आहे. ‘शांत पाण्यात होडीचा वेग’ म्हणजे वेग(होडी, पाणी). नदी वाहत असली तरी हा आकडा बदलत नाही. ‘प्रवाहाचा वेग’ म्हणजे वेग(पाणी, काठ). ‘काठावरच्या माणसाला होडी अमुक वेगाने जाताना दिसते’ म्हणजे वेग(होडी, काठ). ‘चालणाऱ्याला पाऊस सरळ उभा पडताना दिसतो’ यात वेगाचा आकडाच नाही, पण माहिती आहे: वेग(पाऊस, माणूस) याचा आडवा घटक शून्य.

आगगाड्या: लांबी कुणाची?

एका रेषेतल्या गतीत वेग काढणं सोपं, अंतर काढताना घोटाळा होतो. समजा दोन्ही लोकल २५० मीटर लांब आहेत. जलद गाडी ७२ किमी/तास, शेजारच्या रुळावर त्याच दिशेने धीमी ५४ किमी/तास. आधी एकके बदला: २० मी/से आणि १५ मी/से. धीम्या गाडीच्या चौकटीत जलद गाडी ५ मी/से ने पुढे सरकते.

आता प्रश्न नीट वाचा. ‘जलद गाडीने धीमीला पूर्ण मागे टाकायला किती वेळ?’ असं विचारलं असेल तर जलद गाडीचं तोंड धीमीच्या शेपटीला भिडल्यापासून तिची शेपटी धीमीच्या तोंडापुढे जाईपर्यंत २५० + २५० = ५०० मीटर होतात, म्हणजे १०० सेकंद. ‘धीम्या गाडीत खिडकीशी बसलेल्या प्रवाशासमोरून ती किती वेळात जाईल?’ असं असेल तर प्रवासी हा बिंदू आहे. अंतर फक्त जलद गाडीची लांबी, वेळ ५० सेकंद. समोरासमोर येत असतील तर सापेक्ष वेग ३५ मी/से होतो आणि हीच उत्तरं अनुक्रमे १४.३ आणि ७.१ सेकंद येतात.

चौकट बदलली की गणित हलकं होतं

प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या होडीतून एक नारळ पाण्यात पडतो. नावाड्याच्या ते १० मिनिटांनी लक्षात येतं. तो तिथूनच वळतो, तेवढ्याच जोराने वल्हवत परत येतो आणि नारळ जिथे पडला तिथून १ किलोमीटर खाली त्याला गाठतो. प्रवाहाचा वेग किती?

काठाच्या चौकटीत हे सोडवायला घेतलं तर होडीचा वेग, प्रवाहाचा वेग, परतीचा वेळ अशी तीन अज्ञातं येतात. उत्तर निघतं, पण घाम काढून. त्याऐवजी पाण्याच्या चौकटीत जा. तिथे नारळ स्थिर आहे. होडी त्याच्यापासून १० मिनिटं दूर गेली, वळली, त्याच वेगाने परत आली. म्हणजे परतीलाही १० मिनिटंच. एकूण २० मिनिटांत, काठावरून पाहिलं तर, नारळ १ किलोमीटर वाहिला. प्रवाह ३ किमी/तास. होडीचा वेग दिलेला नाही, कारण तो लागतच नाही.

उदाहरणात नारळच का, रिकामी बाटली का नाही? नारळ बराचसा पाण्यात बुडून तरंगतो, म्हणून पाण्यासोबत जातो. रिकामी बाटली पाण्यावर उंच राहते, तिला वारा ढकलतो, आणि मग पाण्याच्या चौकटीत ती स्थिर उरत नाही. खऱ्या नदीत प्रवाह मोजायचा असेल तेव्हा हा फरक पक्का ध्यानात ठेवा.

नदी ओलांडणे

पात्र १२० मीटर रुंद, वेग(होडी, पाणी) ५ मी/से, वेग(पाणी, काठ) ३ मी/से. अक्ष ठरवा: क्ष प्रवाहाच्या दिशेने, य पैलतीराकडे. आता दोन वेगळे प्रश्न असतात आणि त्यांची सरमिसळ होते.

कमीत कमी वेळात जायचं असेल तर होडीचं नाक सरळ पैलतीराकडे ठेवा. रुंदी ओलांडायचं काम फक्त य घटक करतो, आणि नाक सरळ असतानाच तो पूर्ण ५ असतो. वेळ १२० ÷ ५ = २४ सेकंद. तेवढ्यात प्रवाह होडीला ३ × २४ = ७२ मीटर खाली नेतो. इथे नेहमीची चूक म्हणजे ५ आणि ३ चा परिणामी वेग √३४ = ५.८३ काढून १२० ला त्याने भागणं. ५.८३ हा तिरक्या वाटेवरचा वेग आहे. त्या वाटेची लांबी १२० नाही.

बरोबर समोर पोचायचं असेल तर प्रवाहाचे ३ मी/से होडीनेच रद्द करावे लागतात. नाक प्रवाहाविरुद्ध θ ने वळवा, जिथे साइन θ = ३/५, म्हणजे θ सुमारे ३७ अंश. हा कोन समोरच्या दिशेपासून मोजलेला आहे. प्रश्नात प्रवाहाच्या दिशेपासून मागितला असेल तर उत्तर ९० + ३७ = १२७ अंश लिहायचं. पैलतीराकडचा घटक ४ मी/से उरतो, वेळ ३० सेकंद.

पावसाळ्यात प्रवाह ६ मी/से झाला तर? साइन θ = ६/५ येतं, आणि कॅल्क्युलेटर एरर दाखवतो. हा एरर उपयोगाचा आहे: समोर पोचणं शक्यच नाही असं तो सांगतो. मग कमीत कमी किती वाहून जावं लागेल, एवढंच विचारता येतं. त्यासाठी कागदावर ६ एककांचा प्रवाहाचा बाण काढा. त्याच्या टोकाशी केंद्र धरून ५ एकक त्रिज्येचं वर्तुळ काढा. बाणाच्या शेपटीपासून या वर्तुळाला स्पर्शिका काढा; होडीची काठावरून दिसणारी वाट ती. स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, म्हणून साइन θ = ५/६, θ सुमारे ५६ अंश प्रवाहाविरुद्ध. वेळ ४३.४ सेकंद, वाहून जाणं ७९.६ मीटर. नाक सरळ ठेवलं असतं तर १४४ मीटर वाहून गेलो असतो. ही आकृती एकदा हाताने, कंपास घेऊन काढाच. सूत्र पाठ करण्यापेक्षा ती जास्त टिकते.

विमानाचं गणित हेच आहे, पाण्याच्या जागी हवा. मुंबईहून लंडनला जाताना परतीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण वरच्या थरातले जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना तोटा आणि येताना तेवढाच फायदा असं मात्र होत नाही. हवेतला वेग ९०० आणि वारा १०० किमी/तास धरून ७२०० किमी जा-ये करा: ९ तास अधिक ७.२ तास, एकूण १६.२. वारा नसता तर १६. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, म्हणून तोटा नेहमी फायद्याहून मोठा भरतो. सरासरी वेग (८०० + १०००)/२ असा काढणारे इथेच फसतात.

पाऊस आणि छत्री

वेग(पाऊस, तुम्ही) = वेग(पाऊस, जमीन) + वेग(जमीन, तुम्ही). दुसरं पद म्हणजे तुमच्या चालण्याचा बाण उलटा. आकृतीत तेवढंच करायचं: पावसाचा बाण खाली काढा, त्याच्या टोकाला तुमचा बाण उलट्या दिशेने जोडा. सुरुवातीपासून शेवटापर्यंतची रेघ म्हणजे तुम्हाला दिसणारा पाऊस. छत्रीचा दांडा त्याच रेघेवर, टोक पाऊस येतो त्या बाजूला.

सुमारे २ मिलिमीटर व्यासाचा थेंब वारा नसताना ६ ते ७ मी/से ने पडतो. तुम्ही १.५ मी/से ने चालत असाल आणि पाऊस ६ ने पडत असेल, तर टॅन θ = १.५/६, कोन १४ अंश. छत्री जराशी पुढे कलवली की पुरे. भुरभुर पावसाचा अर्ध्या मिलिमीटरचा थेंब मात्र साधारण २ मी/से नेच उतरतो. मग टॅन θ = ०.७५, कोन ३७ अंश. भुरभुर पावसात छत्री असूनही पँटचा पुढचा भाग भिजतो तो यामुळे. स्कूटरवर १० मी/से ने जाताना तर मोठ्या थेंबांचा पाऊसही उभ्या रेषेपासून ५९ अंश कललेला येतो.

परीक्षेतलं आवडतं रूप असं: ३ किमी/तास चालताना पाऊस उभा पडताना दिसतो, ६ किमी/तास चालताना उभ्या रेषेशी ४५ अंशात समोरून येतो, पावसाचा खरा वेग काढा. पहिल्या वाक्यातून पावसाचा आडवा घटक ३, चालण्याच्याच दिशेने. दुसऱ्या वेळी सापेक्ष आडवा घटक ३ − ६ = −३, आणि कोन ४५ म्हणून उभा घटकही ३. वेग ३√२ म्हणजे ४.२४ किमी/तास. आकडे पुस्तकी आहेत, खरा पाऊस इतका सावकाश पडत नाही. रीत मात्र खरी आहे.

दोघांमधलं कमीत कमी अंतर

चौकाकडे पश्चिमेकडून येणारी स्कूटर चौकापासून ८० मीटरवर, वेग ८ मी/से. दक्षिणेकडून येणारी १०० मीटरवर, वेग ६ मी/से. त्या एकमेकींच्या किती जवळ येतील? अंतराचा वर्ग काढून अवकलन करता येतं, पण पहिल्या स्कूटरवर जाऊन बसणं जास्त सोपं. तिथून दुसरी स्कूटर सुरुवातीला पूर्वेला ८०, दक्षिणेला १०० मीटरवर आहे, आणि पश्चिमेकडे ८, उत्तरेकडे ६ अशी, म्हणजे १० मी/से ने, एका सरळ रेषेत येते आहे. त्या रेषेवर तुमच्यापासून टाकलेला लंब हेच उत्तर: |८० × ६ − १०० × ८| ÷ १० = ३२ मीटर. वेळ (८० × ८ + १०० × ६) ÷ १०० = १२.४ सेकंद. पडताळा घ्या: तेव्हा पहिली चौकापलीकडे १९.२ मीटर गेलेली असते, दुसरी २५.६ मीटर अलीकडे असते, आणि √(१९.२² + २५.६²) = ३२.

सापेक्ष वेगाची रेघ थेट तुमच्यावरच येत असेल तर लंब शून्य, म्हणजे टक्कर. समुद्रावर हा नियमच आहे: जवळ येणाऱ्या जहाजाची होकायंत्रावरची दिशा बदलत नसेल, तर टकरीचा धोका आहे असं धरायचं. रस्त्यावरही दुसरं वाहन तुमच्या काचेत एकाच जागी थिजल्यासारखं दिसत मोठं होत असेल, तर ब्रेक दाबा.

चौकटच त्वरणात असेल तेव्हा

आतापर्यंतच्या सगळ्या चौकटी एकमेकींच्या सापेक्ष एकसमान वेगात होत्या, म्हणून त्या सगळ्यांत बलं आणि त्वरणं सारखीच होती. चौकट स्वतः त्वरणाने जात असेल तर न्यूटनचा दुसरा नियम तिथे जसाच्या तसा चालत नाही. तो चालवायचा असेल तर प्रत्येक वस्तूवर एक आभासी बल धरावं लागतं: वस्तुमान × चौकटीचं त्वरण, दिशा चौकटीच्या त्वरणाच्या उलट.

लिफ्ट २ मी/से² ने वर त्वरित होते आहे. तिच्या छताला कप्पी, दोरीला २ आणि ३ किलोची वजनं. g, म्हणजे गुरुत्व त्वरण, १० मी/से² धरा. लिफ्टच्या चौकटीत आभासी बल खालच्या दिशेने, म्हणजे जणू g = १२. वजनांचं त्वरण १२ × (३ − २) ÷ ५ = २.४ मी/से², दोरीतला ताण २ × २ × ३ × १२ ÷ ५ = २८.८ न्यूटन. पण २.४ हे त्वरण लिफ्टच्या सापेक्ष आहे, आणि प्रश्न बहुधा जमिनीच्या सापेक्ष विचारतो. अंताक्षरी त्वरणांनाही लागू: २ किलो वर २.४ + २ = ४.४, ३ किलो खाली २.४ − २ = ०.४. आता जमिनीवर उभं राहून, आभासी बल पूर्ण विसरून पडताळा: २८.८ − २० = ८.८ = २ × ४.४, आणि ३० − २८.८ = १.२ = ३ × ०.४. जुळलं. एका चौकटीत सोडवायचं आणि दुसरीत पडताळायचं, ही सवय उत्तरपत्रिकेतल्या बहुतेक चुका पकडते.

दोन ठिकाणी हमखास घसरण होते. जमिनीच्या चौकटीत आभासी बल लिहू नका. तिथे ते नसतं. आणि वर्तुळाकार गतीत एकाच आकृतीत अभिकेंद्री बल आणि अपकेंद्री बल दोन्ही काढू नका. अपकेंद्री हे फिरत्या चौकटीतलं आभासी बल आहे, आणि अभिकेंद्री हे वेगळं बल नाहीच. ताण, घर्षण, गुरुत्व यांपैकी जे केंद्राकडे ओढतं त्याला दिलेलं ते नाव आहे.

जमीन तरी पूर्ण जडत्वीय, म्हणजे आभासी बल न धरता न्यूटनचे नियम चालणारी चौकट आहे का? नाही, ती फिरते. फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५१ साली पॅरिसमध्ये ६७ मीटर लांब लंबक टांगून ते लोकांना दाखवलं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात असा लंबक आहे. पुण्याच्या अक्षांशावर त्याचं दोलनाचं प्रतल तासाला सुमारे पावणेपाच अंश वळतं. तरी ३० मी/से ने जाणाऱ्या गाडीवर याचा आडवा परिणाम ०.००१४ मी/से² इतकाच होतो, g च्या सात हजाराव्या भागाएवढा. परीक्षेतल्या नदी, पाऊस, गाडी यांत तो निर्धास्त सोडून द्या.

फोन घेऊन लिफ्टमध्ये

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं असेल तर आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने बनवलेलं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप फोनवर घ्या. त्यात ‘g सह त्वरण’ हा प्रयोग निवडा. ‘g विना’चा निवडू नका, त्यात फोन स्वतः गणित करून g वजा करतो आणि त्या गाळणीत आलेख बिघडतो.

फोन लिफ्टच्या फरशीवर उताणा ठेवा. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे तो डुगडुगत असेल तर खाली घडी केलेला रुमाल घाला. हातात धरू नका, हाताचा कंप लिफ्टच्या त्वरणाएवढाच असतो. मोजणी सुरू करून लिफ्ट थांबलेली असतानाच पूर्ण १० सेकंद जाऊ द्या, मग वरच्या मजल्याचं बटण दाबा.

उभ्या अक्षावर आधी ९.८ च्या आसपास सपाट रेघ दिसेल. लिफ्ट सुटताना ती वर उचलली जाईल, मग पुन्हा ९.८ वर येईल, आणि थांबताना खड्डा पडेल. खाली येताना याच्या उलट: सुटताना खड्डा, थांबताना उंचवटा. ‘वर जाताना वजन वाढतं’ हे अर्धवट वाक्य या आलेखाने कायमचं सुटतं. वजन वाढतं ते त्वरण वर असताना, लिफ्ट कुठल्याही दिशेने जात असो.

मधला सपाट भाग नीट पाहा. लिफ्ट वेगात आहे, आणि फोनचा आकडा थांबलेल्या लिफ्टइतकाच. गॅलिलिओने १६३२ साली जहाजाच्या बंद खोलीचं उदाहरण देऊन हेच मांडलं होतं: एकसमान वेग आतल्या आत मोजता येत नाही. त्याच्याही कितीतरी आधी, ४९९ साली, आर्यभटाने नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात हा दाखला देऊन तारे पश्चिमेकडे का सरकताना दिसतात ते सांगितलं आहे.

वेग आतून मोजता येत नाही, पण सुरुवात ठाऊक असेल तर साठवत नेता येतो. सपाट रेघेच्या वरचं क्षेत्रफळ म्हणजे वेगात पडलेली भर. समजा उंचवटा २ सेकंद ०.८ मी/से² होता: वेग १.६ मी/से. मधले १० सेकंद १६ मीटर, सुटताना आणि थांबताना प्रत्येकी १.६ मीटर, एकूण १९.२ मीटर, म्हणजे ३ मीटरचा मजला धरला तर सहा मजले आणि थोडं वर. उंचवट्याचं आणि खड्ड्याचं क्षेत्रफळ सारखं भरायला हवं, कारण लिफ्ट शेवटी थांबली आहे. तसं भरत नसेल तर शून्य चुकलं आहे. फोनचा संवेदक ०.०२ मी/से² जरी जास्त दाखवत असेल, तरी १४ सेकंदांत वेगात ०.२८ मी/से आणि अंतरात जवळजवळ २ मीटर चूक साठते. म्हणून पुस्तकातले ९.८ वजा न करता, त्याच फोनवर, त्याच फरशीवर घेतलेल्या पहिल्या १० सेकंदांची सरासरी वजा करा.